सवालानंतरचा चहा

हिंगणघाटजवळच्या वडनेरच्या बसस्टँडसमोर पुंडलिकरावांचं शिलाईचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे, एक पायमशीन आणि खिळ्याला टांगलेला डफ. मशीन चालू असते, डफ बंद असतो. डफावर लायनिंगचा एक जुना तुकडा पांघरलेला आहे. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाने 'हे काय जी?' म्हणून विचारलंच, तर पुंडलिकराव कापडावरची नजर न काढता सांगतात, "धूळ बसते ना बापा." सांगण्यासारखं दुसरंही पुष्कळ आहे, पण सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं. पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, नागपूरच्या मंजुषाताईंना सांगितलं. एकदा तर मध्ये दुभाषी घालून एका परदेशी रेडिओवाल्यालाही फोनवर सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या मापाचं कापून नेलं. त्यामुळे आता ते धुळीचंच कारण सांगतात.

त्याआधी ते शाहीर होते, तुऱ्याचे. कलगी-तुऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर त्यात दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. कलगीवाले शक्तीचे, म्हणजे देवीच्या बाजूचे, आणि तुरेवाले शिवाचे. एकाने दुसऱ्याच्या दैवताला सवालात पकडायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याला सोडवायचं. सवाल मिळमिळीत असला तर लोक उठून पानठेल्याकडे जातात. तो झोंबला पाहिजे, तरच जवाबाला मान. सकाळी देव्हाऱ्यापुढे हात जोडणारी माणसं दुपारी फडात देवाशी अशी भांडायची की नवख्याला वाटावं, यांचा काही जमीनजुमल्याचा वाद आहे. घरी जाताना मात्र त्याच देवाचा अंगारा कपाळाला लावून जायची.

आणि सवाल-जवाबाच्या मध्ये चहा व्हायचा. ही रीत कोणी पाडली ते आता कोणाला ठाऊक नाही. सवाल पडला की डफ खाली ठेवायचा, किटली फिरायची, आणि तेवढ्या वेळात बसलेल्या माणसांनी आपापसात जवाब शोधायचा. म्हातारे बिडी विझवून वाद घालायचे, बाया एकमेकींच्या कानाला लागायच्या. कोणाला काही सुचलं तर तो शाहिराच्या कानात सांगून जायचा. खरा खेळ त्या चहातच असतो, असं पुंडलिकराव म्हणत.

त्यांच्यासमोर तीस वर्षं कलगीच्या बाजूने उभा राहिला तो नालवाडीचा चंद्रभान. वर्धेला लागूनच नालवाडी, तिथे त्याचं घर आणि थोडीशी शेती. जत्रा कुठलीही असो, आमंत्रण दोघांना जोडीनेच जायचं, एकाला बोलावून उपयोगच नव्हता. फडात एकमेकांची सालटी काढायचे आणि परतीच्या बसमध्ये एकाच सीटवर बसून एकमेकांच्या खांद्यावर झोपायचे. देवकाबाई, म्हणजे पुंडलिकरावांची बायको, म्हणायची, "लगन माह्याशी केलं, अन् संसार त्या चंद्रभानभाऊजीसोबत." पुंडलिकराव हसायचे. खोटं तरी काय होतं त्यात?

ती जत्रा झाली पौष महिन्यात. गाव हिंगणघाट तालुक्यातलंच, नाव सांगून त्या गावाला आणखी त्रास द्यायला नको. दुपारची वेळ, उन्हात बरं वाटत होतं, आणि पुंडलिकरावांच्या डोक्यात नवरात्रापासून घोळत असलेला सवाल त्या दिवशी पिकून तयार होता. त्यांनी डफावर थाप मारली आणि टाकला:

जगाची म्हणता आई हिला, हिच्या कोठारा नाही तळ,
मग परडी घेऊन दारोदारी का फिरते सांज-सकाळ?
नारळ मागते, लुगडं मागते, मागते पीठ नि मीठ,
आई म्हणू की भिकारीण हिला? शाहिरा, सांग नीट!

फडातून कुठूनतरी "अरे बाप रे!" असा आवाज आला आणि हशा, शिट्ट्या, एकच कल्ला. सवाल बसला होता. किटली फिरू लागली. जोगवा मागायची रीत म्हणजे मागायला देवीच दारात आल्यासारखी, मग तिला कमी काय आहे, यावर जो तो डोकं खाजवत होता. चंद्रभान चहाचा ग्लास हातात धरून नुसता जमिनीकडे बघत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चहा तसाच ठेवला. मग उठला आणि डोळे मिटून गायला:

बोबडं पोर मांडीवर, हाती भाकरीचा तुकडा,
आईच म्हणते 'मले दे ना', करून भुकेला मुखडा.
तिले का घास मिळत नव्हता? चुलीपुढं तीच बसली,
द्यायला शिकावं लेकरानं, म्हणून भिकारीण झाली!

बाया रडल्या. पुंडलिकरावांनी गळ्यातला दुपट्टा काढून चंद्रभानच्या खांद्यावर टाकला आणि भर फडात सांगितलं, "हरलो रे शाहीर." हरल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता. ते स्वतः देवीचं करणारे. वडनेरच्या नवरात्रात देवीची चोळी दरवर्षी त्यांच्याच मशीनवर शिवली जायची, अनवाणी बसून, सोवळ्यात. सवाल त्यांनी टाकला होता खरा, पण त्याचा जवाब त्यांनाही हवा होता, आणि तो असा मिळाला होता.

चंद्रभानचा मुलगा आदेश त्या दिवशी फडात होता. पोरगा गुणाचा, बापाचं भारी कौतुक त्याला. त्याने फोनवर सवाल वेगळा घेतला आणि जवाब वेगळा. कारण मध्ये चहा होता, आणि चहा कोण कशाला चित्रित करतो? मग त्याने कलगी-तुऱ्याच्या शौकिनांच्या ग्रुपवर एकटा सवाल टाकला आणि खाली लिहिलं, 'जवाब सांगा पाहू! चंद्रभान शाहिरांचा जवाब उद्या.' त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही. फडात जो चहा फिरतो तोच त्याने फोनवर फिरवला, लोकांना विचार करायला वेळ दिला, म्हणजे बापाचा जवाब आणखी खुलेल. चूकच म्हणायची, तर ती आपल्या लोकांतल्याच पोराने करावी अशी होती.

संध्याकाळपर्यंत सवाल त्या ग्रुपमधून निघून दुसऱ्यात गेला, दुसऱ्यातून दहाव्यात. तिथल्या लोकांना ना कलगी माहीत ना तुरा. त्यांना दिसलं एवढंच, की एक म्हातारा डफ वाजवून देवीला भिकारीण म्हणतोय आणि लोक हसतायत. आपल्याकडे भावना दुखावायला वेळ लागत नाही, जवाब ऐकायला मात्र कोणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याशा संघटनेची पोरं ठाण्यावर जाऊन बसली आणि धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला. दोनशे पंच्याण्णव अ. पुंडलिकरावांना तोपर्यंत दोनशे पंच्याण्णवच्या पुढे असं 'अ' असतं हेही माहीत नव्हतं. हे ऐकून आदेशची गाळण उडाली आणि त्याने फोनमधलं सगळं पुसून टाकलं. सवाल जगभर होताच. पुसला गेला तो जवाब.

ठाण्यावर साहेबांनी क्लिप लावली. "हे तुम्हीच ना?"

"मीच जी."

"भिकारीण म्हणालात?"

"म्हन्लो. पन त्याचा जवाब असा हाये साहेब, का..."

"म्हणालात की नाही? हो की नाही?"

"हो जी."

संपलं. आयुष्यभर ज्यांनी सवाल घातले त्यांना हो आणि नाही एवढ्यातच जवाब द्यायची वेळ आली. काही दिवस आत काढल्यावर जामीन झाला. अटी दोन, दर रविवारी ठाण्यावर हजेरी आणि 'सदर आक्षेपार्ह वक्तव्याची पुनरावृत्ती करणार नाही' अशी लेखी हमी. म्हणजे सवाल गायचा नाही. आणि सवालच गायचा नाही, तर त्याचा जवाब तरी कोण गाणार?

मग ते दिवस सुरू झाले ज्यात घडत काहीच नाही आणि माणूस मात्र झिजत जातो. रविवारी ठाणं. अधूनमधून हिंगणघाटला कोर्ट, तिथे बाकावर बसायचं, नाव पुकारलं की उठायचं, पुढची तारीख घ्यायची. खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते आणि ती मंजुरी कुठल्यातरी टेबलावर झोपली होती. शाळेच्या गणवेशाचं काम गेलं. कोणी नाही म्हणालं नाही, फक्त कापड आलं नाही. हे सगळं त्यांनी सोसलं. पण नवरात्र आलं आणि मंडळाची दोन पोरं चपला घालूनच दुकानात शिरली, इकडेतिकडे बघत म्हणाली, "काका, यंदा चोळी हिंगनघाटहून आनून राह्यलो. तुमी मनाले लावून घेऊ नोका." पुंडलिकराव म्हणाले, "नाई बापा, माह्या मनाले काहाले लागते?" मग त्यांनी मशीनवर झाकण टाकलं आणि भर दुपारी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. देवकाबाईने किती हाका मारल्या तरी जेवायला उठले नाहीत.

फडात बसलेल्यांपैकी कोणी साक्षीचं नाव काढत नव्हतं. वकील म्हणायचा, "तो समोरचा शाहीर साक्षीला आला तर केस उभीच राहत नाही. त्याने फक्त सांगायचं, हा खेळ आहे, सवाल यांनी केला, जवाब मी दिला."

चंद्रभान आला होता. जामिनानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी शर्टाचं कापड काखेत मारून दुकानात येऊन उभा राहिला. नुसतं भेटायला आलो असं दिसू नये म्हणून कापड.

"माप घे," तो म्हणाला.

"नालवाडीत शिंपी नाई का राह्यले?"

"घे म्हन्लं ना."

पुंडलिकरावांनी टेप काढली. छाती घेतली, खांदा घेतला. दोन्ही उतरले होते. गळ्याचं माप घेताना चंद्रभानने घोट गिळला, आणि तो गिळायला त्याला त्रास झाला, हे टेपखालच्या बोटांना कळलं. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्या गळ्याने स्वतःची माती करून घेतली होती, पण ते अजून त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं.

"थे आदेशनं टाकलं होतं," चंद्रभान भिंतीकडे बघत बोलला. "माह्या जवाबाची मजा वाढावी म्हून. आता त्याची ग्रामसेवकाची ऑर्डर येऊन राह्यली. चौकशीत नाव निंघालं तं गेली नोकरी."

"मी काई म्हन्लं का तुले?"

"तुहा वकील मले साक्षीले बोलावतो म्हन्ते."

"मी नाई म्हन्तो त्याले."

"पुंडलिका, मी उभा राह्यलो का पयला सवाल हाच, रेकॉर्ड कोनं केलं? मले खोटं बोलता येत नाई. गान्यात येते, कोर्टात नाई येत."

"मंग नोको येऊ."

चंद्रभानने कापड मशीनवर ठेवलं. "राग नाई आला तुले?"

पुंडलिकरावांनी टेप गळ्यात टाकली. "आला ना. कॉलर कशी पायजे, सादी का पट्टीची?"

शर्ट शिवून झाला, पण न्यायला चंद्रभान आला नाही, त्याची धाकटी मुलगी नंदिनी आली. वर्धेला कॉलेजात शिकणारी, बापासारखीच कपाळ मोठं असलेली. तिने शर्ट पिशवीत घातला आणि जाता जाता म्हणाली, "काका, बाबाचा तो जवाब मले पुरा पाठ हाये. सैपाक करताना म्हनतो मी." पुंडलिकरावांनी शिलाई घेतली नाही.

दुसऱ्या वर्षी मंजुषाताई आल्या. नागपूरला त्यांचं एक ऑफिस होतं आणि त्या ऑफिसचं मोठं ऑफिस साता समुद्रापलीकडे. देवाधर्माबद्दल काही बोललं म्हणून जगात कुठेही माणूस आत गेला, की हे लोक त्याच्यासाठी तिकडच्या सरकारांकडे ओरडा करतात, असले कायदेच मोडीत काढा म्हणून सभा भरवतात, आणि ती सरकारं मग इकडच्या सरकारांना चार शब्द सुनावतात. बाई सरळ होत्या. दुकानातल्या स्टुलावर बसून दुपारभर ऐकून घेतलं, देवकाबाईच्या हातचा झुणका खाल्ला, सगळं लिहून नेलं. पुंडलिकरावांना वाटलं, आता तरी जवाब कोणाच्या तरी कानावर जाईल.

पुढच्या खेपेला त्यांनी फोनवर एक चित्र दाखवलं. डफ घेतलेले पुंडलिकराव आणि खाली परदेशी अक्षरं.

"काय लिवलं हाये ताई?"

"देवाची टिंगल करण्याच्या हक्कासाठी लढणारा कवी."

पुंडलिकराव चित्राकडे बघत राहिले. "मी टिंगल नाई केली जी. मी सवाल केला. त्याचा जवाबई झाला."

"काका, तिकडे थोडं सोपं करून सांगावं लागतं. एका ओळीत बसलं पाहिजे."

"एका ओळीतच तं फसलो ना ताई मी."

मंजुषाताईंचा चेहरा उतरला. पुंडलिकरावांना त्यांचं वाईट वाटलं, पण त्या दिवशी ते बोलून गेले. "थे पोट्टे म्हन्ते, यानं अपमान केला, आत टाका. तुमचे लोक म्हन्ते, अपमान केला तरी सोडा. अपमान केला यात दोघायचंई एकमत हाये. जवाब कोनालेच नोको."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण आधी तुम्ही सुटायला हवं. बाकीचं नंतर." मग त्यांनी दुसऱ्या एका देशातल्या शाळामास्तराचं सांगितलं. वर्गात पोरांना एक प्रश्न विचारला म्हणून तो कित्येक वर्षं आत होता आणि त्याला फाशी सुनावली होती. पुंडलिकरावांना आपल्या चोळीच्या दुःखाची लाज वाटली. त्यानंतर मंजुषाताईंचा फोन आला की स्वतःचं काही विचारायच्या आधी ते विचारत, "मास्तर सुटले का?"

परदेशात नाव गेल्याचा पहिला परिणाम म्हणजे ठाण्यावर खुर्ची मिळाली. आधी हजेरीला उभं राहावं लागायचं. दुसरा परिणाम, त्या खुर्चीत बसवून तासतासभर प्रश्न. बाहेरून पैसे कोण पाठवतं? कितीदा भेटले? काय बोलायला शिकवलं? गावातही कुजबुज सुरू झाली, पुंडलिक डॉलर घेतो म्हणून. डॉलर घेणारा माणूस पायमशीनचा पट्टा सुतळीने बांधून चालवतो हे त्याच दुकानासमोर बसची वाट बघणाऱ्यांना रोज दिसत होतं, पण दिसतं ते पटतंच असं नाही. एकदा बोरगाव मेघेहून त्यांचा मेहुणा मुद्दाम आला आणि म्हणाला, "भाऊजी, माफी मांगून टाका ना. दोन ओळीचं तं काम हाये." त्याने मजकूरही लिहून आणला होता. पुंडलिकरावांनी तो वाचला. 'माझ्याकडून देवीचा अपमान झाला.' त्यांनी कागद घडी करून त्याच्याच खिशात परत ठेवला. झालाच नाही ते झालं असं लिहून देण्यापेक्षा तारखा बऱ्या होत्या.

आणि मग एक दिवस पुंडलिकराव सुटले. तिकडच्या कुठल्याशा सभेत नाव वाचलं गेलं, दोन देशांनी पत्रकं काढली, दिल्लीत कोणी कोणाला विचारलं, आणि झोपलेलं टेबल जागं झालं. मंजुरी नाकारली, प्रकरण बंद. मंजुषाताईंचा फोन आला तेव्हा त्या जवळजवळ ओरडतच होत्या, "काका, दबाव कामाला आला!"

"मास्तर सुटले का?"

"नाही काका," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खाली आला.

त्याच संध्याकाळी बसस्टँडवर पोरं बोलत होती, परदेशातून फोन आला म्हणून सोडलं म्हाताऱ्याला. निर्दोष होता म्हणून सोडलं असं कोणी म्हणालं नाही. कागदावरही तसं नव्हतं. पुंडलिकरावांनी ठरवलं, आता नालवाडीला जायचं, चंद्रभानला उठवायचं आणि त्याच जत्रेत, त्याच लोकांपुढे, सवाल-जवाब पुन्हा करायचा. दुसरं काही त्यांना नकोच होतं. पण चंद्रभानच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन त्याचा आवाज केव्हाच गेला होता, आणि हे पुंडलिकरावांना कोणी कळवलं नव्हतं. भेटायला गेले तेव्हा त्याने हात धरून ठेवला आणि पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी फक्त बोटांनी सतरंजीवर ताल दिला. पंधरवड्यात तो गेला.

तेरवीला पुंडलिकराव आणि देवकाबाई सकाळच्या बसने नालवाडीला गेले. या मंडळींत एक रीत आहे. शाहिराच्या तेरवीला जेवणं आटोपली की त्याच्या समोरच्या पार्टीचा शाहीर उभा राहून आपला एक सवाल गातो, आणि मेलेल्याचा जवाब त्याच्या घरातलं कोणीतरी गातं. मग त्याचा डफ कायमचा खाली ठेवतात. मांडवात दोन्ही पार्ट्यांची माणसं बसली होती. कोणता सवाल हे विचारायची गरज कोणालाच नव्हती. जवाब गायला नंदिनी उठली.

आदेशही होता. ग्रामसेवक झालेला, अंगाने भरलेला. त्याने खुर्चीवर फोन नीट उभा करून ठेवला आणि पुंडलिकरावांच्या पायाला हात लावला. "काका, आता पुरं घेतो. सवालई, चहाई, जवाबई. कुठी कट नाई करत." इतक्या वर्षांचं मनातलं फेडायचं होतं त्याला.

पुंडलिकरावांनी चंद्रभानचा डफ घेतला. हाताची सवय मोडली होती, पण थाप आठवली. आवाज जरा फाटका, तरी सुरात. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसरी गेली. मग नजर फोनवर पडली आणि त्यातला तो लाल ठिपका दिसला. केस संपली होती, हमीची मुदत संपली होती, समोर सगळी आपलीच माणसं होती. तरी जीभ आपोआप वळली. "आई म्हणू की काय म्हणू हिला? शाहिरा, सांग नीट!"

किटली फिरली. लोक ग्लासात बघत चहा प्याले. जवाब कोणी शोधला नाही, कारण सवालच पडला नव्हता. पुंडलिकरावांनीही मान खाली घातली. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती, ठाण्यातसुद्धा नाही.

नंदिनी गाऊ लागली. बापाचीच फिरत, पण आवाज कोवळा. बोबडं पोर आलं, भाकरीचा तुकडा आला, चूल आली, आणि मग तिने डोळे मिटून शेवटची ओळ मोकळ्या गळ्याने सोडली, "म्हणून भिकारीण झाली!"

पुंडलिकरावांनी झटकन मान वर केली. भिकारीण. तो शब्द आता फोनमध्ये एकट्या नंदिनीच्या तोंडी होता. विचारणाऱ्याने तो उच्चारलाच नव्हता. एक पोरगी, चांगला स्वच्छ चेहरा दिसणारी, देवीला भिकारीण म्हणतेय. कोणी एवढंच कापून घेतलं तर? ते तसेच उठून फोनपाशी गेले.

"आदेश, पूस थे."

"काऊन काका? चांगलं आलं ना."

"पूस म्हन्लं ना! पुरं पूस. अन् पुन्ना घे, सुरुवातीपासून."

"काका, राहू द्या," नंदिनी जवळ येऊन म्हणाली. "तुमी तो शब्द काऊन नाई गायला थे सगळ्याईले माहीत हाये."

"सगळ्याईले माहीत हाये पोरी. फोनले नाई."

आदेशने पुसलं आणि पुन्हा फोन लावला. बायांमध्ये बसलेल्या देवकाबाईने पदर तोंडाशी नेला. पुंडलिकराव या वेळी लोकांकडे पाहून गायले नाहीत, सरळ त्या लाल ठिपक्याकडे बघत गायले, एकेक शब्द टाचून बसवल्यासारखा. चौथी ओळ आली. त्यांनी ती म्हटली, पूर्ण, कोणाच्याही कानातून सुटू नये अशी. भिकारीण हा शब्द त्यांनी पुन्हा आपल्या अंगावर घेतला.

रीतीप्रमाणे शेजारची बाई किटली घेऊन उठली. पुंडलिकरावांनी हात वर करून तिला थांबवलं.

"चहा नोको. नंदिनी, लाग. मधात दमई घेऊ नोको."

नंदिनीला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. सवालाच्या शेवटच्या अक्षराला चिकटूनच तिने जवाब उचलला आणि न थांबता शेवटपर्यंत नेला. लोक ऐकत होते. कोणाला डोकं खाजवायला, शेजाऱ्याच्या कानाला लागायला वेळच मिळाला नाही. चंद्रभान असता तर भांडला असता, हा काय खेळ झाला म्हणून.

"जोडून आलं ना दोन्ही?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"आलं काका. मधात जागाच नाई."

त्यांनी चंद्रभानचा डफ पालथा घालून जमिनीवर ठेवला आणि तिथेच खाली बसले. किटली घेतलेली बाई अजून मांडवाच्या खांबाशी उभी होती.

"आन बाई आता चहा," ते म्हणाले. "आता काई भेव नाई."